दोन्ही नकाशे एकरंगी आले, मग प्रादेशिक कल शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी चिलीच्या राज्यघटनेवरची दोन सार्वमतं घेतली आहेत. एक २५ ऑक्टोबर २०२० चं, म्हणजे नवी घटना लिहायला घ्यायची का, आणि दुसरं ४ सप्टेंबर २०२२ चं, म्हणजे लिहून झालेला मसुदा मान्य आहे का. विषय आहे प्रादेशिक मतदानाचा कल. तिने प्रदेशनिहाय निकालाचे दोन नकाशे काढले. पहिल्यात सोळाच्या सोळा प्रदेश होकाराचे, दुसऱ्यात सोळाच्या सोळा नकाराचे. आता ती विचारते की यात प्रादेशिक कल म्हणावा असं काही आहे का, की विषयच बदलावा? आणि दोन वर्षांत अख्ख्या देशाचं मत असं पालटतं कसं?

विषय बदलू नका. तुमची आकडेवारी भरपूर बोलते आहे, नकाशाने तिचं तोंड बंद केलंय.

आपल्याला विधानसभेच्या निकालाचे नकाशे पाहायची सवय आहे. तिथे मतदारसंघाला जिंकणाऱ्याचा रंग द्यायचा हे बरोबरच, कारण जागा त्यालाच मिळते. दोन मतांनी जिंकला काय नि पन्नास हजारांनी काय, जागा एकच. चिलीच्या सार्वमतात मात्र कुठलाही प्रदेश काहीच 'जिंकत' नाही. सगळा देश मिळून एकच मतदारसंघ असतो. तिथे जिंकल्याचा रंग भरला की ५१ टक्के आणि ७४ टक्के एकाच डब्यात जातात आणि तुम्हाला हवा असलेला फरक नेमका तिथेच पुसला जातो.

म्हणून पहिली दुरुस्ती ही: प्रत्येक प्रदेशाच्या होकारातून देशाचा होकार वजा करा आणि उरलेल्या फरकाचा नकाशा काढा. २०२२ मध्ये देशभरात होकार ३८.१ टक्के होता. राजधानी सांतियागोच्या महानगर प्रदेशात तो ४५ च्या आसपास, म्हणजे अधिक ७. दक्षिणेच्या आराउकानियात २६ च्या आसपास, म्हणजे उणे १२. या दोघांत १९ अंकांचं अंतर. एकरंगी दिसणाऱ्या नकाशात एवढा उतार दडलेला होता. हाच हिशेब २०२० चा करा. त्या वर्षी देशाचा होकार ७८.३ टक्के होता आणि आराउकानिया तेव्हाही सरासरीच्या खालीच होता. पातळी जबरदस्त खाली आली, पण उताराची दिशा बऱ्याच ठिकाणी तीच राहिली. तुमच्या प्रबंधाचं मुख्य वाक्य इथून निघू शकतं. कोणत्या प्रदेशात उतारच बदलला, ते प्रदेश वेगळे काढा, कारण खरा मजकूर त्यांच्यात असेल. उत्तरेचा खाणपट्टा आधी तपासा.

इथे एक अट सांगून ठेवतो, कारण ती देशादेशावर अवलंबून आहे. ज्या देशात घटनादुरुस्तीला दुहेरी बहुमत लागतं, तिथे जिंकल्याच्या रंगाचा नकाशा निरर्थक नसतो. ऑस्ट्रेलियात देशभरातलं बहुमत हवं आणि शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही हवं. १९७७ साली दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घेण्याच्या प्रस्तावाला देशात ६२ टक्के होकार मिळाला, पण राज्यं तीनच आली आणि प्रस्ताव पडला. स्वित्झर्लंडमध्येही मतदारांचं आणि कॅन्टनांचं, म्हणजे तिथल्या राज्यांचं, असं दोन्ही बहुमत लागतं. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपन्यांच्या जबाबदारीवरचा प्रस्ताव ५०.७ टक्के मतं मिळूनही कॅन्टनांत अडकला. तेव्हा आधी नियम वाचायचा आणि मग रंग ठरवायचा. चिलीत तसा नियम नव्हता, म्हणून तुमच्या कामाला फरकाचाच नकाशा हवा.

आता 'मत पालटलं कसं' हा दुसरा प्रश्न. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक लेख इथेच घसरतात. २०२० मध्ये मतदान ऐच्छिक होतं. २०२२ मध्ये सक्तीचं होतं, न गेल्यास दंड. आधी सुमारे ५१ टक्के लोक गेले, नंतर ८६ टक्के. टक्केवारी वैध मतांवर काढली की हा सगळा फरक दिसेनासा होतो. माझा नियम साधा आहे. सार्वमताची तुलना करताना छेदात वैध मतं घ्यायचीच नाहीत, मतदार यादीतली सगळी नावं घ्यायची.

तसं करून पाहू. २०२० ला यादीत सुमारे १ कोटी ४८ लाख नावं होती. होकार ५८.९ लाख, नकार १६.३ लाख. २०२२ ला यादीत सुमारे १ कोटी ५२ लाख नावं. होकार ४८.६ लाख, नकार ७८.९ लाख. आता यादीतले शंभर मतदार डोळ्यांसमोर आणा. २०२० मध्ये त्यातले ४० जण होकाराचे, ११ नकाराचे, ४९ घरी. २०२२ मध्ये ३२ होकाराचे, ५२ नकाराचे, २ बाद किंवा कोरे, १४ घरी. होकार शंभरात ४० वरून ३२ वर आला आहे. 'अठ्ठ्याहत्तरवरून अडतिसावर कोसळला' या वाक्याची आणि या आकड्यांची गोष्ट एकच नाही.

अजून एक पायरी पुढे जा. घरी बसलेल्यांपैकी ३५ जण नव्याने आले. ते सगळेच्या सगळे नकाराचे धरले तरी ११ अधिक ३५ म्हणजे ४६ होतात. नकार ५२ आहे. उरलेले ६ आणि बाद झालेले २ हे जुन्या होकारातूनच आले असले पाहिजेत. म्हणजे पहिल्या चाळिसांतले किमान आठ सरकले, एवढं आपण ठामपणे म्हणू शकतो. प्रत्यक्षात याहून जास्त सरकले असतील आणि नव्यांतल्या काहींनी होकार देऊन ती जागा भरली असेल. ते निव्वळ बेरजेतून कळत नाही, त्याला मतदारांच्या मुलाखतींची पाहणी लागते. (मधल्या दोन वर्षांत यादीतून गेलेले आणि नव्याने आलेले मी इथे सोडले आहेत. तुम्ही तळटीपेत तसं लिहा.)

हाच शंभराचा हिशेब सोळाही प्रदेशांसाठी स्वतंत्र मांडा: होकार, नकार, बाद-कोरे, गैरहजर असे चार रकाने, दोन वर्षांचे मिळून आठ. मग दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. कुठे जुना होकार झिजला आणि कुठे तो जवळपास टिकला पण नव्या मतदारांच्या लोंढ्यात बुडाला. हे दोन अगदी वेगळे प्रादेशिक कल आहेत आणि वैध मतांच्या टक्केवारीत ते हुबेहूब सारखे दिसतात.

छेद चुकला तर किती चुकतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुर्कस्तानचं आहे. १२ सप्टेंबर २०१० च्या घटनादुरुस्तीवर दियारबाकिर आणि हक्कारी या कुर्दबहुल प्रांतांत होकार ९४ टक्क्यांच्या आसपास होता, इस्तंबूल-अंकारापेक्षा कितीतरी जास्त. नुसता नकाशा पाहणारा म्हणेल, कुर्दांनी सरकारला डोक्यावर घेतलं. प्रत्यक्षात कुर्द पक्षाने बहिष्काराची हाक दिली होती. दियारबाकिरमध्ये मतदान सुमारे ३५ टक्के, हक्कारीत तर ९ टक्के. म्हणजे हक्कारीच्या शंभर मतदारांतले फार तर नऊ जण होकाराचे. २०१७ च्या सार्वमतात बहिष्कार नव्हता, तेव्हा याच दोन प्रांतांनी स्पष्ट बहुमताने नकार दिला. मतदानाची टक्केवारी शेजारी न छापता होकाराचा नकाशा छापू नये, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

आता नकाशातल्या आकाराबद्दल थोडं. हे आपल्याला घरच्याच उदाहरणावरून कळेल. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, नागपूरचं ९,८९२. नकाशात गडचिरोली दीडपट दिसतो. २०११ च्या जनगणनेत मात्र गडचिरोलीत पावणेअकरा लाख माणसं, नागपूर जिल्ह्यात साडेशेचाळीस लाख. विदर्भाचा जिल्हानिहाय रंगीत नकाशा पाहणाऱ्याच्या डोळ्यात हिरव्या जंगलालाच जास्त मतं पडतात. चिलीत हे अधिकच बोचतं, कारण दक्षिण टोकाचे प्रदेश प्रचंड आणि विरळ, तर देशाची जवळपास चाळीस टक्के वस्ती महानगर प्रदेशाच्या लहानशा ठिपक्यात. म्हणून फरकाच्या नकाशासोबत वर्तुळांचा नकाशा द्या. वर्तुळाचा आकार नोंदणीकृत मतदारांइतका, रंग फरकाचा.

आणि प्रदेशावर थांबू नका, एक पायरी खाली उतरा. चिलीत ३४६ कोमुना आहेत, आपल्या तालुक्या-नगरपालिकेच्या दरम्यानचं एकक समजा. २०२० मध्ये नकाराचं बहुमत फक्त पाच कोमुनांत होतं. त्यातल्या विताकुरा, लास कोंदेस आणि लो बार्नेचेया या तीन सांतियागोच्या पूर्वेकडच्या सधन वस्त्या. त्या महानगर प्रदेशाच्या सरासरीत पार विरघळून जातात, जशी धरमपेठेची आणि उत्तर नागपूरची सरासरी काढली तर दोन्हींपैकी कुणाचंच चित्र उरत नाही. २०२२ मध्ये उलट ३३८ कोमुना नकाराच्या आणि आठच होकाराच्या. २०२० च्या त्या पाचांतल्या उरलेल्या दोन, कोल्चाने आणि अंटार्क्टिका, इतक्या छोट्या आहेत की त्यांच्या टक्केवारीवर वाक्य लिहू नका. मी साधारण हजाराच्या आत मतं असलेली एककं तक्त्यात ठेवतो, विश्लेषणातून काढतो आणि तसं लिहितो.

आता सगळ्यात नाजूक भाग. प्रदेशाचं मत पाहून त्यातल्या एखाद्या समाजाचं मत ठरवायचा मोह होतो. आराउकानिया हा मापुचे या आदिवासी लोकांचा मूळ प्रदेश. मसुद्यात देशाला बहुराष्ट्रीय, म्हणजे एकाच देशात अनेक राष्ट्रं नांदतात असं म्हटलं होतं, आदिवासींना वेगळे हक्क दिले होते आणि नेमक्या याच प्रदेशात नकार ७४ टक्क्यांच्या घरात. लगेच निष्कर्ष निघाला की मापुचेंनीच मसुदा नाकारला. गणित करून बघा. २०१७ च्या जनगणनेनुसार या प्रदेशात मापुचे म्हणवणारे साधारण एक तृतीयांश, म्हणजे शंभरात ३४ धरू. होकार शंभरात २६. हे सगळे २६ उरलेल्या ६६ जणांतून आले असू शकतात, मग मापुचेंचा होकार शून्य. किंवा सगळे २६ त्या ३४ जणांतूनच आले असू शकतात, मग मापुचेंचा होकार ७६ टक्के. शून्य ते ७६! प्रदेशाच्या आकड्यातून एवढंच कळतं, म्हणजे काहीच कळत नाही.

पण जिथे तो समाज शंभरात ९० आहे अशी कोमुना घ्या आणि तिथेही होकार २६ आहे असं समजा. बाकीच्या १० जणांनी सगळ्यांनी होकार दिला तरी १६ होकार त्या नव्वदांतूनच यावे लागतात, म्हणजे किमान १८ टक्के. सगळे २६ त्यांचेच धरले तर कमाल २९. आता बोलता येतं. किमान काढायचं तर एकूण होकारातून 'इतर सगळे' वजा करा आणि समाजाच्या वाट्याने भागा. कमाल काढायचं तर एकूण होकारालाच समाजाच्या वाट्याने भागा. उणे आलं तर शून्य, शंभराच्या वर गेलं तर शंभर. एक्सेलच्या दोन रकान्यांचं काम आहे. दोन्ही गटांनी सारख्याच प्रमाणात मतदान केलं असं यात गृहीत आहे, ते लिहायला विसरू नका.

हे गणित नेहमी हात वर करत नाही, कधी कधी फार मोलाचं काही सांगून जातं. आपल्याला जवळचं उदाहरण १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलाचं. तो राष्ट्रीय घटनेवरचा नव्हता, पण पद्धत समजायला उत्तम. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. म्हणजे वेगळेपणाला ५५.५ टक्के. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेले तालुके विलीनीकरणाकडे झुकले, तर सासष्टी, तिसवाडी, मुरगाव, बार्देश हे जुन्या काबिजादीतले दोन पानांकडे. एवढ्यावरून महाराष्ट्रात अजूनही सर्रास म्हटलं जातं की ख्रिश्चनांनी गोवा वेगळा ठेवला. गोव्यात तेव्हा ख्रिश्चन शंभरात चाळिसांच्या आतच होते. ४० धरा आणि सगळ्यांनी दोन पानांवर शिक्का मारला असंही धरा. तरी ५५.५ व्हायला १५.५ कमी पडतात, ते उरलेल्या ६० जणांतून आले पाहिजेत. म्हणजे ख्रिश्चनेतर मतदारांतल्या किमान चौथ्या हिश्श्याने विलीनीकरण नाकारलं. कारण काय, ते आकडे सांगत नाहीत, पण मडगावचं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिकच विलीनीकरणाविरुद्ध लढत होतं हे लक्षात घेतलं की उत्तर कुठे शोधायचं ते कळतं. मराठी वाचकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

याच गोव्यातून दुसरा धडा घ्या. कौलानंतर दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, बांदोडकरांचा पक्ष, पुन्हा सत्तेवर आला. पक्षाला मत आणि प्रश्नाला मत हे एकच धरता येत नाही. इटलीत तर प्रदेशांनी बाजू बदलली. २००६ च्या घटनादुरुस्तीला उत्तरेच्या लोंबार्दी आणि व्हेनेतोने होकार दिला होता. डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीला दोघांनीही नकार दिला, होकार आला तो तोस्काना, एमिलिया-रोमाञा आणि त्रेन्तिनो-आल्तो आदिजे या तीनच प्रदेशांतून. 'उत्तर इटली सुधारणावादी' अशी कायमची पाटी लावली असती तर ती दहा वर्षांत उतरवावी लागली असती. प्रस्ताव कोणी मांडला, सरकार कोणाचं होतं, त्यात प्रदेशांचे अधिकार वाढत होते की घटत होते, हे आधी पाहा. चिलीतही असंच. पाण्याच्या टंचाईने गाजलेल्या पेतोर्कात, जिथे मसुद्यातल्या पाण्याच्या हक्काला हक्काची मतं मिळतील असं सगळ्यांनी धरलं होतं, तिथेही नकाराचं बहुमत आलं. त्यामुळे स्थानिक प्रश्नाला सरळ कारण म्हणून चिकटवू नका.

आपल्याकडे या विषयाची सवय कमी आहे, त्यामागे कारण आहे. कलम ३६८ मध्ये सार्वमत नाही. संसद, आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. १९७८ च्या पंचेचाळिसाव्या घटनादुरुस्ती विधेयकात सार्वमताची तरतूद होती, लोकसभेत ती मंजूरही झाली, पण राज्यसभेत गळाली. स्वतंत्र विदर्भावर इकडे होणाऱ्या खासगी कौलांचे आकडे मात्र तुमच्या तक्त्याशेजारी मांडू नका. तिथे यादी नसते, जो आला त्याचं मत असतं, त्यामुळे छेदच नाही.

आता प्रत्यक्ष फाइल उघडल्यावर काय बिघडतं ते. चिलीत हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. ७.८९१.४१५ हे एक्सेल मजकूर समजतं आणि ३८,१ चे बघता बघता ३८१ होतात. फाइल आत घेतानाच ती मांडणी निवडा. कोमुनांचा सरकारी कोड पाच अंकी असतो, प्रदेश क्रमांक १ ते ९ मधल्यांचा पहिला अंक शून्य, जसा इकिकेचा ०११०१. एक्सेल तो शून्य खाऊन टाकतं आणि नकाशात ते सगळे प्रदेश पांढरे राहतात. तो रकाना मजकूर म्हणून ठेवा. नावांवरून जोडणी करू नका, स्वरांवरच्या खुणा आणि 'ञ' यामुळे निम्म्या ओळी जुळत नाहीत. निवडणूक यंत्रणेचे कोड आणि नकाशातले कोड एकच आहेत का तेही पाहून घ्या. परदेशातली मतं कुठल्याच प्रदेशात नसतात, त्यामुळे सोळा प्रदेशांची बेरीज देशाच्या आकड्याला थोडी कमी पडेल. ती चूक नाही, वेगळी ओळ आहे. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ईस्टर बेट मुख्य भूमीपासून साडेतीन हजार किलोमीटर दूर, तर खाली अंटार्क्टिका, म्हणून देश दोऱ्यासारखा बारीक दिसेल. दोन्ही काढून कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत द्या.

१९८८ च्या, लष्करी हुकूमशहा पिनोशेवरच्या कौलाशी तुलना करायची असेल (करावीच, तेव्हा पिनोशेला बहुमत फक्त आराउकानिया आणि लोस लागोस या दोन प्रदेशांत होतं) तर सीमा बघा. तेव्हा प्रदेश तेरा होते. २००७ मध्ये लोस लागोसमधून लोस रिओस आणि तारापाकामधून आरिका वेगळे झाले, २०१८ मध्ये बिओबिओमधून न्युब्ले. आजच्या कोमुना जुन्या तेरा प्रदेशांत परत गोळा करा आणि मगच शेजारी ठेवा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी कोड जुळवा, मग यादीच्या छेदावर आठ रकाने, मग फरकाचा नकाशा, मग कोमुना, आणि किमान-कमाल सगळ्यात शेवटी, तेही ज्या समाजाबद्दल तुम्हाला वाक्य लिहायचं आहे त्याच्यापुरतंच. प्रत्येक नकाशाखाली तीन गोष्टी छापा. छेद कोणता, त्या प्रदेशात मतदान किती टक्के, आणि किती मतांच्या आतली एककं वगळली. पहिले दोन एकरंगी नकाशेही फेकू नका. ते पहिल्या पानावर शेजारी शेजारी लावा आणि समोरच्या पानावर फरकाचे दोन.